चारही चाकांना डिस्क ब्रेक

बोईसर,
६ फेब्रुवारी १९९४

ती. दादास,

एकनाथचा नमस्कार. विजयावहिनींची कंबर आता बरी असेल. इकडे मंगला आणि मी ठीक. केळव्याहून काकांनी राजेळी केळ्यांचा घड पाठवला, अर्धा तुमच्यासाठी ठेवलाय. माणूस पाठवलास तर देतो. पानवेलीला यंदा रोग नाही असं काका म्हणाले.

रीत संपली. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

बोईसरहून पालघरला राहणाऱ्या सख्ख्या भावाला कोणी टपालाने पत्र पाठवत नाही. पण तुझ्यासमोर आलो की तू बोलतोस आणि मी मान हलवतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

शुक्रवारी तुझा नवा ड्रायव्हर बाबांची फियाट गॅरेजात सोडून गेला. सोबत तुझी चिठ्ठी. ‘मागचा बंपर सरळ कर. डिकीला रंग मार, जुन्या रंगाशी जुळला पाहिजे. डाग दिसता कामा नये. देवूला कमी केलं आहे. हा नवा तात्पुरता आहे, तुझ्या ओळखीत कोणी भरवशाचा असेल तर कळव.’

भरवशाचा. हा शब्द मी चार वेळा वाचला. देवू सोळा वर्षं आपल्याकडे होता. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा केळव्याहून त्यांना इस्पितळात पोचवलं ते त्याने. तुझ्या पोराला क्लच सोडायला शिकवला तो त्याने. उमरोळीच्या पाड्यावरून पहाटेची गाडी पकडून तो तुझ्या दारात यायचा, आणि सोळा वर्षांत एकदाही उशीर झाला नाही हे तूच लोकांना सांगायचास. आता तू लोकांना सांगतोस की ‘आदिवासी माणूस, प्यायला असेल.’ मला हे तुझ्या टाक्या बनवायच्या युनिटमधल्या वेल्डरने सांगितलं. देवू थेंबालाही शिवत नाही. तुझ्या टाक्यांच्या पूजेला सगळे पीत होते तेव्हा सगळ्यांना घरोघर सोडत होता तो देवूच.

नऊ जानेवारीला काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तू आता वेगळंच सांगत फिरतोस.

मुंबईच्या कंपनीचे दोन साहेब तू मनोरला जेवायला नेत होतास. वाघोबाच्या खिंडीत नारळ फोडायला थांबलात. देवूने गाडी कडेला घेतली. तू म्हणालास, ‘इंजिन बंद करू नको, लगेच निघायचंय.’ म्हणून गाडी न्यूट्रलला चालू राहिली. त्याने हँडब्रेक ओढला आणि तुझ्याच सांगण्यावरून नारळ घेऊन उतरला. जागा सपाट दिसते, पण तिथे पालघरच्या बाजूला उतार आहे. खडीचा एक उंचवटा मागच्या चाकाला अडवून होता, तेवढ्यावर गाडी उभी होती. साहेब परत मागच्या सीटवर बसले, दारं आपटली, गाडी हलली आणि त्या उंचवट्यावरून मागे सुटली. कठड्यापाशी बोरं आणि आवळे घेऊन तीन बायका बसल्या होत्या. दोघी उठल्या. तिसरीच्या, लाडकीच्या, मांडीवर टोपली होती. तिला उठता आलं नाही.

तुझा फोन आल्यावर मी ओढायची गाडी घेऊन पोचलो, तोवर तिला टेंपोत घालून नेलं होतं. रस्ताभर बोरं सांडली होती. तुझे साहेब बूट खराब होऊ नयेत म्हणून बाजूबाजूने चालत होते. देवू कठड्यावर बसून स्वतःचा उजवा हात बघत होता. आणि तू वाकून बंपर बघत होतास. मी हे विसरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

लाडकीचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. आज चार आठवडे झाले. तू एकदाही गेला नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, ‘आपण गेलो तर आपली चूक होती असं दिसेल.’

बरं, मग चूक कोणाची होती? मागच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचं खूळ कोणाचं होतं? १९६६ची गाडी. बाबांनी घोलवडच्या पारशाकडून घेतली, वीस वर्षं ड्रमवर चालवली, एक कोंबडीसुद्धा मारली नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुला पुढच्या चाकांना डिस्क बसवून दिल्या. ते काम चांगलं झालं, मी नाकारत नाही. पण मग तुला मागेही हव्या झाल्या. डिसेंबरात तू कुर्ल्याच्या भंगारबाजारातून गोणपाटात गुंडाळून सामान आणलंस आणि माझ्या बाकड्यावर आपटलंस. मी म्हटलं, मागच्या चाकांचं काम वेगळं असतं, वेळ लागेल. तू म्हणालास, ‘पुढे बसवल्यास ना? मग मागे काय बायकोला विचारायचंय?’ नऊ तारखेला साहेब येणार होते. त्यांना तुझ्या टाक्या बघायच्या होत्या, आणि तुला त्यांना गाडी दाखवायची होती. मागच्या काचेवर पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलंस, ‘चारही चाकांना डिस्क ब्रेक’.

अपघातानंतरच्या मंगळवारी तपासणीचा अधिकारी गॅरेजात आला. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी ढकलून पाहिली, चाकं हलली नाहीत. ‘ब्रेक सुस्थितीत’ असं लिहून तो गेला. म्हणजे देवूने ब्रेक ओढलाच नव्हता असं ठरलं. त्यावर मी आत्ता जास्त लिहीत नाही. तुला माहीत आहे.

बंपर मी सरळ करणार नाही. गाडी घेऊन जा. आणि लाडकीला भेटायला जा. इस्पितळातून तिला सोडलंय, खिंडीखालच्या पाड्यावर आहे. कोणालाही विचारलंस तरी घर दाखवतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
एकनाथ


बोईसर,
२७ फेब्रुवारी १९९४

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळींचं. ‘रागाच्या भरात पत्रं लिहू नयेत, कागद मागे राहतात. ड्रम परत कोणी बसवले ते विसरू नकोस. तुझं आणि माझं एकच आहे. देवूची काळजी मी घेतोय, वकील दिलाय. केळी पाठव.’

केळी पाठवली आहेत. वहिनींसाठी.

कागद मागे राहतात ना, मग नीटच लिहितो.

ड्रममध्ये एकच वस्तू दोन कामं करते. पायाने ब्रेक दाबला की आतले शू तेलाच्या जोराने फाकतात आणि चाक धरतात. हाताने दांडा ओढला की तेच शू तारेने फाकतात. हँडब्रेक म्हणतात तो हा. तू आणलेलं सामान कुठल्याशा परदेशी गाडीच्या पुढच्या चाकांचं होतं. पुढच्या चाकांना हँडब्रेक नसतो, म्हणून त्यात तार जोडायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी गोणपाट सोडलं तेव्हाच मला हे दिसलं. मी तुला म्हटलं, पायाचा ब्रेक होईल, पण हँडब्रेकसाठी वेगळी पकड लेथवर करून घ्यावी लागेल, तीन आठवडे तरी. तू म्हणालास, ‘साहेब येऊन जाऊ देत, मग कर. तोवर गिअरमध्ये उभी करायची. मी देवूला सांगतो.’

तू सांगितलं नाहीस.

हँडब्रेकची तार मी चाकापासून सोडवली आणि लोंबकळू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली सांगाड्याला बांधून टाकली. ती बांधल्यामुळे काय झालं ठाऊक आहे? आत दांडा ओढला की पूर्वीसारखाच ताण लागायचा. पूर्वीसारखीच कट-कट वाजायची. धरत मात्र काहीच नव्हतं. देवूने नऊ तारखेला दांडा ओढला, हाताला ताण लागला, कट-कट वाजली, आणि तो नारळ घेऊन उतरला. त्याच्या जागी तू असतास तर तूही उतरला असतास. मीही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊला, तू आलास. गाडी माझ्या गॅरेजात होती, कारण खिंडीत रस्ता अडत होता आणि अधिकारी मंगळवारी येणार होता. तू शटर आतून खाली ओढलंस. म्हणालास, ‘जुने ड्रम आहेत ना?’ ते होते. टाकून द्यायला मन झालं नव्हतं, रॉकेलने धुऊन ठेवले होते. तू स्टुलावर बसलास. मी खाली शिरलो. संध्याकाळी चारपर्यंत दोन्ही ड्रम चढवले, तार जोडली, ताण बसवला. मग काचेवरची अक्षरं उरली. ती मी दाढीच्या ब्लेडने खरवडली. ‘डिस्क’मधला ड निघायला फार वेळ लागला, रंग दोनदा मारला होता. पिवळा भुगा माझ्या सदऱ्यावर पडला. मंगला चहा घेऊन मागच्या दाराने आली, तिने ते पाहिलं, कप बाकड्यावर ठेवला आणि गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी भाजी-भाकरीपुरतंच बोलते.

तू जाताना म्हणालास, ‘ते सामान खाडीत टाक.’

म्हणजे मंगळवारी अधिकाऱ्याने जो ब्रेक ओढून पाहिला तो नऊ तारखेला गाडीत नव्हताच. त्याने मला विचारलं, ‘मागच्या ब्रेकमध्ये काही बदल केला होता का?’ मी म्हणालो, ‘नाही साहेब, कंपनीचंच आहे.’ हे वाक्य मी बोललो. तू तेव्हा तिथे नव्हतास. तू मला बोलायला लावलं नव्हतंस. तू फक्त आदल्या दिवशी सात तास माझ्यासमोर बसला होतास.

हे मी पहिल्या पत्रात टाळलं होतं. तू आठवण करून दिलीस म्हणून लिहितोय.

आणि आता देवूचं ऐक, कारण तू त्याची काळजी घेतोयस.

गुरुवारी दुपारी तो गॅरेजात आला. लायसन्स जप्त आहे, जामिनावर आहे, बायकोबरोबर वीटभट्टीवर जातो. हातांना विटांची लाली होती. बस म्हटलं तर बसला नाही. फियाट तेव्हा तशीच उभी होती, तू नेलेली नव्हतीस. तो तिच्या दारापाशी गेला, आत हात घातला, हँडब्रेक ओढला. परत सोडला. परत ओढला. मग मला म्हणाला,

“एकनाथभाऊ, ही कट-कट वाजते ना?”

“वाजते.”

“मला वाजलेली आठवते. मी ओडला होता. पन तपासनीचा साहेब बोलला, ओडला असता तर गाडी ऱ्हायली असती. वकील पन तेच बोलतो. शेट पन तेच.” मग दांडा पुन्हा एकदा ओढून म्हणाला, “मंग नसंल ओडला. सोळा वरसं ओडला ना, तर जुनी कट-कट आठवत असंल मला. माझ्या हातानी घात केला त्या बाईचा.”

मी काय केलं असेल, दादा? मी पान्हे पुसत होतो. पुसत राहिलो.

तो म्हणाला, तो दर रविवारी लाडकीकडे जातो. भट्टीवरून मिळतं त्यातले तांदूळ नेतो, लाकडं फोडून देतो. तिचा नवरा खाडीत रेती काढणाऱ्या होड्यांवर असतो, घरी तीन पोरं. पहिल्या रविवारी तिच्या सासऱ्याने त्याला काठी मारली. तो म्हणाला, “मारलान ते बरं झाला. दुसऱ्या येळंला नाय मारलान.”

मग म्हणाला, “वकील बोलतो, अकरा मार्चला कोर्टात गुना कबूल कर. गरीब मानूस, पयला गुना, थोडक्यात सुटशील. शेटनी वकील दिला, त्यांचा उपकार हाय.”

तुझा उपकार आहे, दादा. तो खरंच मानतो. माणसाचं काम काढून घेतलंस, लायसन्स गेलं, नाव गेलं, ते सगळं तो सोसेल. पण स्वतःच्या हाताने जे केलं ते केलंच नव्हतं असं त्याला वाटायला लागलंय. त्याच्या डोक्यातली खरी गोष्ट काढून तिथे आपण खोटी बसवली. ड्रम बसवले तशी. हे मला सहन होत नाही. मी या धंद्यात वीस वर्षं आहे, लोकांच्या गाड्यांना हात लावतो, आणि मला स्वतःच्या हातांची किळस येते.

तर ऐक. अकरा मार्चला त्याची तारीख आहे. त्याच्या आत तू चौकीत जाऊन सांग. तू गेलास तर मी बरोबर येईन, माझं मी सांगेन, माझ्यावर काय यायचं ते येऊ दे. तू नाही गेलास तर मी एकटा जाईन. सामान मी खाडीत टाकलेलं नाही. बाकड्याखाली त्याच गोणपाटात आहे.

‘तुझं आणि माझं एकच आहे’ असं तू लिहिलंस. हे वाक्य तू नेहमी माझ्याकडून काहीतरी हवं असलं की म्हणतोस. युनिटच्या कर्जाला सही हवी होती तेव्हा म्हणालास. केळव्याची वाडी एकट्याच्या नावावर करायची होती तेव्हाही. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. या वेळी नाही म्हणतो.

या पत्राची नक्कल मी ठेवली आहे.

एकनाथ


बोईसर,
१३ मार्च १९९४

दादा,

तुझ्याकडून उत्तर आलं नाही. आठ तारखेपर्यंत वाट पाहिली. तू कुठे बाहेर गेला असशील असंही मनाला सांगून पाहिलं, पण युनिटमध्ये फोन केला तर मागे तुझाच आवाज येत होता, आणि फोनवरचा माणूस म्हणाला साहेब नाहीत.

नऊला सकाळी मी गोणपाट रिक्षात टाकून चौकीत गेलो. मंगला बरोबर आली. मी नको म्हटलं तर म्हणाली, “तुम्ही दारातून परत फिराल.” ती मला ओळखते.

सगळं सांगितलं. ड्रम कधी काढले, तार कशी बांधली, परत कधी बसवले, काच खरवडली. मागच्या ॲक्सलला डिस्कचं ब्रॅकेट बसवायला मी चार भोकं पाडली होती, ती ड्रमच्या मागे अजून आहेत, तुझ्या गाडीत. कोणीही चाक काढून बघू शकतो. चौकीतला अधिकारी शेवटपर्यंत लिहीत होता. मग पेन खाली ठेवून म्हणाला, “दोन महिने काय करत होतात?” मी गोणपाट त्याच्या टेबलावर सरकवलं. त्याने तेही लिहून घेतलं.

माझ्यावर केस होणार. पुरावा बदलल्याची आणि खोटं सांगितल्याची. तुझं नावही लिहिलंय, कारण ते खरं आहे. तुझ्याकडे माणूस येऊन गेला असेल एव्हाना. अकरा तारखेला देवूने गुन्हा कबूल केला नाही; चौकीवाल्यांनी त्याला कारण न सांगता ‘आज काही कबूल करू नको’ एवढंच सांगितलं होतं. कोर्टाने गाडीची पुन्हा तपासणी करायला सांगितली आहे आणि पुढची तारीख दिली आहे. तू दिलेला वकील आला नव्हता.

काल विजयावहिनी एकट्या आल्या. एस.टी.ने. मला वाटलं भांडायला आल्या. मंगलाने चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. जाताना मंगलाला म्हणाल्या, “त्या बाईला मुलं किती?” मंगला म्हणाली, तीन. वहिनींनी मान हलवली आणि गेल्या. हे तुला सांगायचं नाही असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून सांगतो.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रातही मी अर्धीच लिहिली होती. तुझ्यावर इतका राग काढला की ती तिथे दिसली नाही.

मी लिहिलं, तू म्हणालास ‘मी देवूला सांगतो’ आणि सांगितलं नाहीस. खरं आहे. पण आठ तारखेला संध्याकाळी गाडी न्यायला देवू माझ्याच गॅरेजात आला होता. किल्ली मी माझ्या हाताने त्याच्या हातात दिली. तू बाजूला पेंटरशी बोलत होतास. देवू गाडीभोवती फिरला, मागच्या चाकातून वाकून बघितलं, आणि म्हणाला, “भाऊ, तुमी लय भारी काम केला. ठाणे जिल्ह्यात कोनाकडं नसंल.” पेंटरने शेवटचं अक्षर काढलं होतं, ओलं होतं. शेजारच्या गॅरेजचे लोक बघायला आले होते. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘देवू, हँडब्रेक चालत नाही, चाकाला दगड लाव.’ तोंडापर्यंत आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर कळलं असतं की काम अर्धं आहे. मी हसलो आणि म्हटलं, “जपून ने.”

तुला खूळ होतं, दादा, पण मलाही होतं. तू गोणपाट बाकड्यावर टाकलंस तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो. मी गिऱ्हाइकांना रोज नाही म्हणतो. मला ते काम करायचं होतं. सगळ्या जिल्ह्यात पहिला मी, असं लोकांनी म्हणायला हवं होतं. माझ्या त्या हौसेपायी लाडकीचा पाय गेला. हे मी चौकीत सांगितलं, आणि मंगलालाही. तुला शेवटी सांगतोय.

आज रविवार. सकाळी मी देवूच्या पाड्यावर गेलो, उमरोळीला. तो निघायच्या तयारीत होता, खांद्यावर तांदळाची पिशवी. अंगणातच सांगितलं. म्हटलं, तू ओढला होतास. कट-कट तू ऐकलीस ती त्याच दिवशीची. ब्रेक धरत नव्हता, कारण मी तार सोडवली होती, आणि तुला सांगितलं नाही.

त्याने पिशवी खाली ठेवली. विचारलं, “तुमाला कदी कळला?”

“पहिल्यापासून माहीत होतं.”

“त्या गुरुवारी मी आलतो तवा?”

“तेव्हाही.”

मला वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं. तो ओट्यावर बसला. उजवा हात उघडून बघितला, मिटला, परत उघडला. त्याची बायको दारात उभी होती, ती माझ्याकडे बघत म्हणाली, “ह्यो झोपंत हात ओडतो. रोज. मी उठवते त्याला.” देवू तिला म्हणाला, “गप ऱ्हा.” मग मला म्हणाला, “तुमी जा आता.” शिवी नाही, काही नाही. मी पाड्याच्या बाहेर आलो तर तो मागून आला, पिशवी परत खांद्यावर. म्हणाला, “मी तिकडंच चाललोय. तुमाला सांगायचा असंल तर चला. माझ्या तोंडानी मी नाय सांगनार. माझा काम नाय ते.”

एका एस.टी.त बसून गेलो, वेगवेगळ्या बाकांवर.

लाडकी झोपडीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. वय तीसही नसेल. मांडीवर सुपात वाल निवडत होती. काठी बाजूला. देवूने तांदूळ तिच्या पोरीकडे दिले आणि मागे जाऊन लाकडं फोडायला लागला, जणू मी तिथे नव्हतोच. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने वाल निवडणं थांबवलं नाही. अर्ध्यात म्हणाली, “बसा ना, मान दुकते माझी वर बगून.” मी खाली बसलो आणि उरलेलं सांगितलं. ब्रेक, तार, ड्रम, कोर्ट. तिला सगळं कळलं की नाही म्हणून पुन्हा सांगायला लागलो तर म्हणाली, “कळला. ब्रेक नव्हता, ह्यो बोंबलत होता माझी चूक माझी चूक, आन् तुमाला ठावूक होता.”

मी हो म्हटलं.

“गाडी कोनाची?”

“आमच्या वडलांची. आता माझ्या दादाची.”

“तो जाड्या, पांडऱ्या कपड्यातला? वाकून मागं बगत होता तो?”

टेंपोत घालत होते तेव्हा तिला शुद्ध होती, दादा. तिने तुला पाहिलंय. मी म्हटलं, हो, तोच.

तिने सूप खाली ठेवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. मला वाटतं तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणाली,

“एका आईचं ना तुमी दोगं? मंग तुमी एकलंच कसं आलं?”

मागे लाकूड फोडायचा आवाज थांबला. देवूही ऐकत होता.

मी काहीतरी बोलणार होतो. तू कामात आहेस, तुझी तब्येत, वहिनींची कंबर. तोंडावर आलं होतं सगळं, सवयीने. मी बोललो नाही. म्हटलं, मला माहीत नाही, मी त्याला विचारीन.

म्हणून विचारतोय.

मी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. सकाळी साडेआठला पालघरच्या स्टँडवरून मनोरची एस.टी. निघते. मी तिकीटखिडकीपाशी उभा असेन. आलास तर तुझ्याशी बोलणार नाही, पण बाकावर जागा ठेवीन. नाही आलास तर तिला काय उत्तर सांगायचं तेवढं एका ओळीत लिहून पाठव. तुझ्या नावावर खोटं मी आता सांगणार नाही.

एकनाथ